होझिया पेटिफर्ड यांची तक्रार

"तुझ्या वडिलांनी कधी एका शब्दानं तक्रार केली नाही," लॉयड किंब्रेल म्हणाला, तेव्हा झेल्मा पेटिफर्ड भेंडी निवडत होती. कोवळी आहे की जून ते बघायला तिनं एका भेंडीचा शेंडा मोडला होता आणि तो अजून तिच्या चिमटीत होता. सुपरमार्केटच्या गारठ्यात, फवारे मारून चकचकीत ठेवलेल्या भाज्यांसमोर, सत्तरी ओलांडलेला तो गोरा म्हातारा आपल्या ढकलगाडीवर रेलून उभा होता आणि मनापासून हसत होता. त्यानंच तिला ओळखलं होतं. "तू होझियाची थोरली ना? क्लॅरिनेट वाजवायचीस!" मग लगेच बातमी. हार्विक हायस्कूलच्या बँडच्या हॉलला त्याचं, म्हणजे किंब्रेलचं, नाव द्यायचं ठरलं होतं, ऑक्टोबरात समारंभ होता, आणि तिनं यायलाच हवं होतं. होझिया असता तर पहिल्या रांगेत बसला असता. ते दोघं भावांसारखे होते. शाळा एकत्र झाल्या त्या काळात केवढी उलथापालथ, केवढी डोकी तापलेली, आणि हा माणूस मात्र शांत. यावर झेल्मा म्हणाली, "थँक्यू."

थँक्यू. सामान मागच्या सीटवर टाकून, किल्ली हातात धरून ती गाडीत नुसती बसून राहिली. कॅरोलायनातला जुलै, बंद गाडी म्हणजे भट्टी. घाम कानामागून मानेवर उतरत होता आणि काच खाली करायचं तिला सुचत नव्हतं. किंब्रेल काय म्हणाला याचा राग नंतर आला. आधी आला तो आपल्याच तोंडून निघालेल्या शब्दाचा. डोक्याला न विचारता जिभेनं तो परस्पर उरकून टाकला होता, दारात आलेल्याला पाणी द्यावं तसा. हे तिला नवीन नव्हतं. सगळं आयुष्य तिनं हॉस्पिटलच्या औषध विभागात काढलं. डॉक्टर अंगावर ओरडले, गोरे पेशंट तिच्या चेहऱ्याकडे बघून "दुसरं कुणी नाही का?" म्हणाले, तरी तिचा आवाज चढला नाही, आणि ती निवृत्त झाली तेव्हा केक कापताना साहेबांनी नेमकं हेच कौतुक केलं, की झेल्माला आम्ही कधी चिडलेली बघितली नाही. बघितली नाही! ती रोज चिडत होती. चिडूनच झोपेतून उठत होती, चिडलेल्या हातांनी गोळ्या मोजत होती, आणि त्यात एक गोळी इकडची तिकडे होत नव्हती. म्हणजे हे कौतुक तिला वारशात मिळालं होतं. डॅडींच्या नंतर तिला. तिनं गाडी सुरू केली आणि घरी येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला ती मोठमोठ्यानं बोलत होती. शेजारच्या गाडीतल्या बाईनं वळून बघितलं, तेव्हा तिला कळलं की आपण काय करतोय. डॅडी हेच करायचे.

होझिया पेटिफर्ड पॉप्लर स्ट्रीट हायस्कूलचे बँडमास्तर होते. रुळांपलीकडची, काळ्या मुलांची शाळा. तिथं पुस्तकं यायची ती गोऱ्यांच्या शाळांत वापरून फाटलेली. पहिल्या पानावर अनोळखी नावं, आणि मधल्या पानांवर शिव्या, पुस्तक पुढे कुणाच्या हातात जाणार हे ठाऊक असलेल्या कुणीतरी मुद्दाम लिहून ठेवलेल्या. वाद्यंही तशीच, पोचे पडलेली. डॅडी ती घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडत, एका लाकडी दांड्यानं आतून हळूहळू पोचे काढत, आणि मामा, म्हणजे झेल्माची आई, म्हणे, "होझिया, आज आम्ही ट्रॉम्बोन खायचं की काय?" नाताळच्या मिरवणुकीत पॉप्लर स्ट्रीटचा बँड सगळ्यांच्या शेवटी असे, घोड्यांच्याही मागे. लिदीतून पाय टाकत चालायचं आणि खाली बघायचं नाही, ही डॅडींची शिस्त. "खाली बघितलंत की सूर खाली येतो," ते म्हणत. पण घोडे निघून गेले तरी मोठ्या रस्त्यावरची गर्दी हलायची नाही. गोरे बापसुद्धा पोरांना खांद्यावर घेऊन थांबलेले असत. मग लांबून आधी ढोल यायचा, पोटात वाजणारा, आणि मग जांभळे कोट, सोनेरी बटणं, आणि सगळ्यांपुढे डॅडी, रस्त्याकडे पाठ करून उलटे चालणारे, डोळे मुलांवर आणि पाऊल मात्र कधी चुकलं नाही असं. झेल्मा त्या बँडमध्ये एकच वर्ष वाजवू शकली. जांभळा कोट तिला खांद्यात मोठा होत होता. मामा म्हणाली होती, पुढच्या वर्षी बसेल.

मग कोर्टानं सांगितलं, शाळा एकत्र करा. बरोबरच सांगितलं, त्यासाठीच तर डॅडी, मामा आणि चर्चमधली सगळी माणसं इतकी वर्षं झगडली होती. पण एकत्र करणं म्हणजे काय ते शिक्षण मंडळानं ठरवलं, आणि मंडळात सगळे गोरे. त्यांनी पॉप्लर स्ट्रीट बंद केली. गोऱ्या आया आपली मुलं रुळांपलीकडे पाठवणार नाहीत, हे एवढंच कारण, आणि ते कुणी तोंडानं उच्चारलंही नाही. इमारत जुनी झाली म्हणाले. इमारत गोऱ्यांच्या हार्विकपेक्षा नवी होती. सुट्टी लागल्यावर कुणीतरी निरोप आणला, की मास्तर, तुमचे कप बाहेर टाकलेत. रविवार होता. डॅडी चर्चच्या सुटातच गेले आणि शाळेमागच्या कचऱ्याच्या लोखंडी पेटीत उतरले. झेल्मा आणि धाकटी ओडेल बाहेर उन्हात उभ्या. डॅडी वाकून एकेक कप वर काढत होते, राज्यभरच्या काळ्या शाळांच्या स्पर्धांत जिंकलेले, काहींचे कान तुटलेले, आणि मामा ते आपल्या पांढऱ्या हातमोज्यांनी पुसून गाडीत ठेवत होती. तेवढ्यात मंडळाचा ट्रक आला. ड्रायव्हर विशीतला. "ए पोरा, नीघ बाहेर. सरकारी माल आहे तो." डॅडींच्या कानशिलावरचे केस तेव्हा पांढरे झालेले होते. ते बाहेर आले. गुडघ्यावरची घाण त्यांनी रुमालानं झटकली, रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली. ती घडी झेल्माला आज, एवढ्या वर्षांनी, स्वयंपाकघरात भेंडी धूत असताना इतकी स्पष्ट दिसली की नळ चालू आहे हे ती विसरली. कशाला घडी केली? फेकायचा होता त्याच्या तोंडावर.

तक्रार केली नाही म्हणे. डॅडी मंडळाच्या सभांना गेले होते, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नाव आधी दिलं तरी त्यांना शेवटी बोलवत, गोऱ्या आयांचं रडून झाल्यावर. ते उभे राहिले की माणसं खुर्च्या सरकवू लागत, आणि एकदा तर त्यांचं वाक्य अर्धं असताना शिपायानं मागचे दिवे मालवले. अखेर त्यांना हार्विकला घेतलं. बँडमास्तर म्हणून नाही. बँडमास्तर लॉयड किंब्रेल होता, कॉलेजातून नुकताच सुटलेला. डॅडी त्याचे मदतनीस. जिन्याखालच्या खोलीत बसून वाद्यं दुरुस्त करायची आणि मधल्या सुट्टीत जेवणाच्या हॉलवर लक्ष ठेवायचं. किंब्रेल त्यांना "होझिया" म्हणे. डॅडी त्याला "मिस्टर किंब्रेल." तो अवघड चाल आली की अडखळे, मग जिन्याखाली येऊन विचारे, "होझिया, हे कसं बसवायचं रे?" आणि डॅडी त्याला बसवून देत. वर जाऊन तो बँडसमोर छडी हलवे. ते भाऊभाऊ असणं हेच. घरी आल्यावर डॅडी गाडीतून उतरत नसत. अंगणात गाडी उभी करून, सगळ्या काचा वर करून आत बसत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुलींना त्यांचं तोंड हलताना दिसे, मान ताठ होताना दिसे, कधी मूठ चाकावर आपटताना दिसे. आवाज काही येत नसे. "डॅडी कुणाशी बोलतायत?" ओडेलनं एकदा विचारलं. मामा बटाटे कुस्करत होती. "मंडळाशी," ती म्हणाली. "त्यांचं बोलून झालं की येतील. ताटं मांडा."

संध्याकाळी झेल्मानं ओडेलला बाल्टिमोरला फोन लावला.

"कोण? तो छडीवाला?" ओडेल ओरडली. "जिवंत आहे अजून?"

"नुसता जिवंत नाही. सुपरमार्केटात मक्याची कणसं घेत होता."

"मग तू काय केलंस? कणीस हाणलंस की नाही एखादं?"

"थँक्यू म्हणाले."

पलीकडे ओडेल इतकी हसली की तिला ठसका लागला. "वा गं वा, मामाची गुणी लेक! उद्या कुणी तुझा गळा दाबला तर म्हणशील, माफ करा, माझी मान तुमच्या हातात आली."

"हसू नकोस, ओडेल."

"हसत नाहीये." आणि खरंच तिचा आवाज एकदम बदलला. "जाऊ दे ना, झेल. म्हातारा झालाय. त्याला मरू दे त्याच्या मरणानं."

"सगळे मला हेच सांगतात, जाऊ दे. डॅडींना कुणी म्हणालं का, जाऊ दे, राहू दे याला बँडमास्तर?"

ओडेल हळूच म्हणाली, "त्याला विचार. पायऱ्यांवर काय झालं होतं ते विचार त्याला."

पायऱ्यांवर झालं ते असं. हार्विकचं एक गाणं होतं. फुटबॉलच्या सामन्यात आपल्या संघानं गुण मिळवला की बँडनं ते वाजवायचं. गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या फौजेचं गाणं. ते लागलं की गोरी माणसं उभी राहत, छातीवर हात ठेवत, आणि त्याच फौजेचे झेंडे हलवत. पॉप्लर स्ट्रीटहून आलेल्या मुलांनाही ते वाजवावं लागे. त्या शरद ऋतूत, शाळेच्या वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या सामन्याला, मैदानालगतच्या पायऱ्यांवर बँड उभा असताना गुण मिळाला, किंब्रेलनं छडी उचलली, आणि काळ्या मुलांनी वाद्यं खाली केली. आधी कुणी काही ठरवलं होतं का, ते झेल्माला आजही सांगता येत नाही. तिच्या शेजारच्या मुलानं तुतारी ओठांवरून काढली आणि तिची क्लॅरिनेट आपोआप खाली आली. गाणं सुरू झालं, पण त्याला बूडच नव्हतं. ढोल नाही, खालचे सूर नाहीत, नुसतं वरचं पत्र्यासारखं किरकिरणं. गर्दीला कळायला थोडा वेळ लागला. मग बर्फासकट कागदी पेले येऊ लागले. एक झेल्माच्या मानेवर फुटला आणि गार पाणी पाठीवरून उतरलं. मुख्याध्यापक स्ट्राउप लालबुंद होऊन पायऱ्या चढत आले. डॅडी कडेला वाद्यांच्या पेट्यांपाशी उभे होते. "होझिया, सांग तुझ्या पोरांना वाजवायला!"

डॅडींनी आवाज चढवला नाही. पण तो बँडमास्तरचा आवाज होता, मोकळ्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. "माझी पोरं कुठली, मिस्टर स्ट्राउप? माझा बँड तुम्ही बंद केलात. माझे कप कचऱ्यात टाकलेत. मी सभेत उभा राहून सांगत होतो तेव्हा दिवे मालवलेत. आणि आता हुकूम द्यायला मी हवा? या मुलांचा मास्तर तो तिथं उभा आहे. त्याला सांगा." सगळ्यांच्या माना किंब्रेलकडे वळल्या. तो हातातल्या छडीकडे बघत होता. स्ट्राउप थांबले, डॅडी थांबले, पेले फेकणारेसुद्धा थांबले असतील. आणि तो छडीकडे बघत राहिला. वसंतात डॅडींना कळवलं, की बँडला दोन माणसांची गरज नाही. पुढे ते अंत्यविधीच्या खर्चाचे विमे विकत दारोदार फिरले, पॉप्लर स्ट्रीटच्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या दारांत, आणि एका भर दुपारी अशाच कुणाच्या ओसरीवर पाणी मागून बसले ते उठलेच नाहीत. घरातल्या बाईनं पेला आणला तेव्हा ते गेलेले होते. साठीही झाली नव्हती.

झेल्मा किंब्रेलच्या घरी गेली ती न कळवता. शहराबाहेर, मोठ्या झाडांत बसलेलं घर. त्याच्या बायकोनं, बेट्सीनं, थंडगार गोड चहा आणला, पिठीसाखर भुरभुरलेल्या लिंबाच्या वड्या आणल्या, आणि झेल्मानं कशालाही हात लावला नाही. तिनं सरळ विचारलं, पायऱ्यांवर डॅडी काय म्हणाले ते आठवतं का?

"फार गोंधळ होता गं त्या दिवशी," किंब्रेल म्हणाला. "इतकी वर्षं झाली."

"मग मी सांगते." आणि तिनं डॅडींचा शब्द न् शब्द सांगितला. सांगताना तिला जाणवलं, की आपला आवाज या खोलीला मोठा होतोय, आणि तिनं तो कमी केला नाही.

"लॉयडच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय," बेट्सी घाईघाईनं म्हणाली.

"माझ्या डॅडींच्या हृदयाला ऑपरेशनसुद्धा मिळालं नाही. बसा, मिसेस किंब्रेल."

किंब्रेल बराच वेळ पेल्यावरचं पाणी अंगठ्यानं पुसत राहिला. मग म्हणाला, "आठवतं. सगळं आठवतं. मी लहान होतो, झेल्मा. बेट्सीला दिवस गेले होते. मी तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती."

"तुम्ही उघडलं नाहीत म्हणून डॅडींची गेली. त्यांना दोन मुली होत्या."

"तुला काय हवंय माझ्याकडून?"

हा प्रश्न तिला रस्ताभर छळत आला होता आणि उत्तर तिथं बसल्यावरच सापडलं. "हे तुम्ही सांगायचं. समारंभात, सगळ्यांसमोर, तुमच्या तोंडानं. आणि हॉलला नाव कुणाचं द्यायचं त्याचाही विचार करायचा."

"सांगेन," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. तिला त्याची दया आली नाही, आणि दया न आल्याचं वाईटही वाटलं नाही. दारापर्यंत सोडायला आलेल्या बेट्सीनं तिच्या दंडावर हात ठेवला. झेल्मानं तो झटकला नाही, नुसती पुढे चालत गेली, हात आपोआप गळून पडला.

ऑक्टोबरात ती गेली. हार्विकमध्ये एकत्र शिकायचं म्हणून एवढं रामायण झालं, त्या हार्विकमध्ये आता गोरं मूल शोधून सापडत नव्हतं. आधी गोरे खाजगी शाळांत गेले, मग शहराबाहेर राहायला गेले, मग कोर्टानं एक दिवस सांगितलं की एकत्र करण्याचं काम पुरं झालं, यापुढे आम्ही बघणार नाही. भिंतींचा रंग पोपडे धरून सुटला होता. व्यासपीठावर बसलेला बँड काळ्या आणि मेक्सिकन मुलांचा, एका मुलीच्या ट्रॉम्बोनला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. आणि समोर खुर्च्यांवर, दूरदूरच्या उपनगरांतून आलेले, किंब्रेलचे जुने पांढऱ्या केसांचे विद्यार्थी. पोपडे बघून ते हळहळत होते. "आपल्या वेळी काय शाळा होती ही!" झेल्माच्या पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला. तिनं त्याच्या गुलाबी मानेकडे बघितलं आणि दात आवळले.

किंब्रेल बोलायला उभा राहिला आणि त्यानं खरंच सांगितलं. काही गाळलं नाही. जिन्याखालची खोली सांगितली, होझियानं बसवून दिलेल्या चाली सांगितल्या, कचऱ्यातले कप सांगितले. मग पायऱ्या. "आणि आता हुकूम द्यायला मी हवा?" हे डॅडींचं वाक्य त्या हॉलभर घुमलं तेव्हा झेल्माच्या छातीत कुठंतरी एक जुना पीळ सैल झाला. बँडमधली मुलं वाद्यं मांडीवर ठेवून टक लावून ऐकत होती. ट्रॉम्बोनवाली मुलगी तर पुढे झुकली होती. अजून एक वाक्य, झेल्माला वाटलं, अजून एकच: म्हणून या हॉलला माझं नाव नको. "मी भित्रा होतो," किंब्रेल म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. "सगळं आयुष्य मी हे ओझं वाहिलं. आज मी मोकळा झालो."

कुणीतरी उभं राहिलं. मग दुसरं, मग रांगच्या रांग. टाळ्यांचा असा पाऊस पडला की छताचे पत्रे थरथरले. बाया डोळे पुसत होत्या, पुरुष नाक शिंकरत होते. "केवढं धैर्य लागतं याला!" झेल्माशेजारची बाई म्हणाली. त्या टाळ्यांतच कुणीतरी दोरी ओढली, निळा पडदा सरकला, आणि पितळी पाटीवर मोठ्या अक्षरांत नाव दिसलं: लॉयड किंब्रेल हॉल. टाळ्या दुप्पट झाल्या. झेल्मा बसूनच होती. उभ्या माणसांच्या पाठींमधल्या फटीतून तिला पाटीचा एक कोपरा आणि त्याचा ओला, उजळलेला चेहरा दिसत होता, आणि तिला कळत होतं की हेही गेलं. शाळा घेतली, बँड घेतला, जागा घेतली, आणि शेवटी उरलेली एकच गोष्ट, डॅडींचा राग, तोही तिनंच त्याच्या घरी नेऊन त्याच्या हातात दिला होता, आणि बघा, किती छान वापरला त्यानं. तिच्या कानामागे जाळ झाला. तो जाळ ती आजवर गिळत आली होती. आज तिनं तो गिळला नाही.

"होझियाची मुलगी इथं आहे," किंब्रेल माईकवर म्हणत होता. "झेल्मा, ये ना वर. ये, बाळ." त्यानं हात पुढे केला. सगळ्या माना वळल्या, पाठी बाजूला झाल्या, तिच्यापासून व्यासपीठापर्यंत वाट मोकळी झाली. टाळ्या आता तिच्यासाठी होत्या.

"जा ना," शेजारची बाई तिच्या कानाशी लागली. "वाट बघतोय बिचारा."

झेल्मा बसून राहिली. टाळ्या थोड्या वेळानं विरळ झाल्या, मग इकडे एक तिकडे एक अशा वाजल्या, मग थांबल्या. काहीजण खाली बसले, काहींना बसावं की उभं राहावं ते कळेना. किंब्रेलचा हात तसाच पुढे होता.

"मिस्टर किंब्रेल," ती म्हणाली. माईक नव्हता, लागलाही नाही. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला. "मोकळे तुम्ही झालात. पाटीही तुमचीच आहे. मग मी वर येऊन काय करू?"

किंब्रेलनं मागे वळून पाटीकडे बघितलं, जणू ती तिथं कुणी लावली ते त्याला ठाऊक नव्हतं. मग त्यानं पुन्हा झेल्माकडे बघितलं. तिनं नजर काढली नाही, चेहरा सैल केला नाही, त्याला सोपं जाईल असं काहीही केलं नाही. त्याचा हात हळूहळू खाली येईपर्यंत ती त्या हाताकडे बघत राहिली.